माझा आवाज जरा वाढवा

येशू गायला होता, अशी नोंद शुभवर्तमानात आहे. मत्तयाने केली आहे आणि मार्कानेही. शेवटचं भोजन झालं, गीत गाऊन झालं आणि सगळे जैतुनांच्या डोंगराकडे निघाले. बस्स, एवढंच. आता मत्तय हा काही मोघम लिहिणारा माणूस नव्हे. मूळचा जकातदार, हिशेबाचा पक्का. अब्राहामापासून येशूपर्यंतच्या पिढ्या त्याने चौदा-चौदाचे तीन गट पाडून मोजून दाखवल्या आहेत. पण त्या रात्री गीत कोणी उचललं, पट्टी कुठली होती, सुरात कोण होतं आणि सुराच्या आसपास कोण होतं, याबद्दल त्याने चकार शब्द लिहिलेला नाही. वल्हांडणाच्या जेवणाला ११३ ते ११८ ही स्तोत्रं म्हणायची यहुद्यांची रीत होती, तेव्हा त्यांतलीच काही गायली असावीत, असं अभ्यासक सांगतात. शब्द हाती आहेत. चाल गेली ती गेलीच.

हेच भोजन आजच्या एखाद्या मंडळीत झालं असतं, तर उजाडायच्या आत व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचं परीक्षण आलं असतं. पेत्रभाऊंनी पट्टी फारच वरची धरली. योहानाचा गळा गोड, पण माइक तोंडापासून लांब धरतो. फिलिप्पाला शब्द पाठ नव्हते, नुसते ओठ हलत होते. थोमाला नवी चाल पटलेली नाही, त्याला पुरावा हवा आहे. आणि सर्वांत खाली, कोणीतरी न वाचताच टाकलेले जोडलेले हात.

शुभवर्तमान लिहिणाऱ्यांना मात्र दोनच गोष्टी जपून ठेवाव्याशा वाटल्या: ही माणसं कोणाबरोबर गायली आणि गाऊन झाल्यावर कुठे गेली. गायन कसं झालं, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. आम्हाला तो दर रविवारी पडतो. उपासना संपवून पायऱ्या उतरताना एकमेकांना विचारायचा पहिला प्रश्न तोच असतो. प्रवचनाची पाळी त्यानंतर येते आणि देवाची, आलीच तर, जेवणं झाल्यावर.

पूर्वी मराठी मंडळ्यांत ही भानगड कमी होती, कारण सामानच कमी होतं. एक पेटी, एक तबला, कुठे ढोलकी, कोणाच्या तरी हातात झांजा आणि सर्वांच्या हातात 'उपासना संगीत'चं पुस्तक. पाळकसाहेबांनी गीताचा क्रमांक सांगायचा, पानांची सळसळ व्हायची, पेटीवाले काका स्वतःच्या गळ्याला झेपेल ती पट्टी धरायचे आणि उरलेली मंडळी आपापल्या गळ्याची त्या पट्टीशी तडजोड करायची. पुरुष एका लयीत, महिला मंडळ त्याहून जरा सावकाश. दोघांची गाठ कडव्याच्या शेवटी पडायची. कोणी तक्रार करत नसे, कारण तक्रार करायची कोणाविरुद्ध? सगळेच गात होते.

आता वर्शिप टीम आहे. कीबोर्ड आहे, दोन गिटार आहेत, काचेच्या पडद्याआड ड्रम आहेत आणि शब्द भिंतीवर उमटतात. हे सगळं चांगलंच आहे. ज्यांचा चष्मा घरी राहतो, त्यांना तर भिंतीवरच्या अक्षरांचा फार आधार. उपासनेआधी तासभर साउंड चेक चालतो आणि त्यात एक वाक्य इतक्या जणांच्या तोंडून निघतं, की नवख्याला तो आमच्या उपासनाक्रमाचाच भाग वाटावा: "माझा आवाज जरा वाढवा."

हे वाक्य सभागृहातल्या स्पीकरबद्दल नसतं. गाणाऱ्यांच्या पायाशी, त्यांच्याचकडे तोंड करून ठेवलेला एक तिरपा स्पीकर असतो. त्याला मॉनिटर म्हणतात. मंडळीला काय ऐकू जातं याच्याशी त्याचा संबंध नाही. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू यावा, एवढ्यासाठी त्याचा जन्म. मुख्य गायिका म्हणते, माझा आवाज वाढवा. मागे साथ करणारे दोघे म्हणतात, आम्ही आम्हालाच ऐकू येत नाही. गिटारवाला बोलत नाही, नुसता भुवई उंचावून बोट वर करतो. साउंडच्या टेबलावर बसलेला कॉलेजातला पोरगा स्वभावाने भला असतो, तो सर्वांचंच वाढवत जातो. शेवटी वर असलेला प्रत्येक जण स्वतःला लख्ख ऐकू लागतो, शेजारच्याचं कोणालाच काही ऐकू येत नाही, आणि तेवढ्यात ती कर्कश शिटी वाजते. पहिल्या बाकावरच्या आजी कानांवर हात ठेवतात, पाळकसाहेब डोळे मिटतात. प्रार्थनेसाठी की वेदनेने, हे कळत नाही.

त्या शिटीमागचं शास्त्र सोपं आहे. माइकमधून गेलेला आवाज स्पीकरमधून बाहेर पडतो; तोच पुन्हा माइकमध्ये शिरतो, वाढून बाहेर येतो, पुन्हा शिरतो. आपलाच आवाज आपल्यालाच पुन्हा पुन्हा ऐकवत राहिलं की दुसरं काही होऊ शकत नाही. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात हे एका परिच्छेदात आटोपतं. आत्मिक जीवनावरच्या पुस्तकांना त्यासाठी बरीच प्रकरणं लागतात.

अर्थात स्वतःला ऐकावंसं वाटणं हा अपराध नव्हे. ज्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही तो सूर सोडतो, आणि त्याचं प्रायश्चित्त इतरांना भोगावं लागतं. आणि हा रोग ध्वनिवर्धकाबरोबर आला, असं म्हणणंही त्या यंत्रावर अन्याय करणारं आहे. मायक्रोफोन जन्मायच्या पंधराशे वर्षं आधी संत ऑगस्टीन याच गोष्टीने हैराण झाला होता.

ऑगस्टीनचा बाप्तिस्मा ३८७ साली मिलान शहरात झाला आणि तिथल्या मंडळीचं गाणं ऐकून आपण किती रडलो, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. पण पुढे आपल्या आत्मकथनाच्या दहाव्या खंडात तो त्या रडण्याचीच उलटतपासणी घेतो. मला हलवलं ते गीतातल्या अर्थाने की गाणाऱ्याच्या गळ्याने? गळ्याने असेल, तर हे पापच. मग गाणारा न ऐकलेला बरा. त्याला आलेक्झांद्रियाच्या अथनासियसची आठवण होते. तो म्हणे स्तोत्रं इतक्या सपाट सुरात म्हणायला लावी, की ते गाणं कमी आणि बोलणं जास्त वाटे. ऑगस्टीनला क्षणभर वाटतं, हेच बरोबर. मग त्याला मिलानचे अश्रू आठवतात आणि तो पुन्हा गाण्याच्या बाजूला येतो. मग पुन्हा शंका. गाणं असावं, असा कौल तो शेवटी देतो खरा, पण अगदी दबकत. सोळाशे वर्षं झाली, आमच्या कमिटीत ही सभा अजून चालूच आहे. फक्त ऑगस्टीन दोन्ही बाजू एकटाच मांडत होता. आमच्याकडे त्यासाठी दोन गट आहेत.

कमिट्यांवरून बाखची आठवण होते. योहान सेबास्टियन बाख विशीत असताना जर्मनीतल्या आर्नश्टाट गावी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायला होता. चार आठवड्यांची रजा घेऊन हा गडी बुक्स्टेहूड नावाच्या थोर वादकाला ऐकायला ल्युबेकला पायी गेला. अंतर चारशे किलोमीटरच्या वर. उगवला तो जवळजवळ चार महिन्यांनी. फेब्रुवारी १७०६मध्ये चर्चच्या कारभाऱ्यांनी त्याला समोर उभं केलं. रजेचा जाब विचारलाच. शिवाय मंडळीच्या गीतांमध्ये तू नाही नाही ते सूर घुसडतोस, त्यामुळे लोक गोंधळून जातात, अशी तक्रार केली. आधी तो फार वेळ वाजवत असे. त्याबद्दल बोलणी बसली तेव्हा इतकं थोडं वाजवायला लागला, की त्याचीही तक्रार झाली. विशीतला कलावंत आणि चर्चची कमिटी यांचं नातं तेव्हापासून फारसं बदललेलं नाही.

कारभाऱ्यांना हसणं सोपं आहे, कारण आपल्याला पुढचा बाख माहीत आहे. पण त्या दिवशी ते अगदीच चुकले होते असं मला वाटत नाही. बाकांवरचा लोहार आणि त्याची बायको देवाला काही सांगायला आले होते, आणि वरच्या माळ्यावरचा तो पोरगा त्यांचं सांगणं मध्येच तोडून स्वतःचं काहीतरी सांगत होता. ते कितीही सुंदर असलं, तरी तोडणं ते तोडणंच. हाच बाख पुढे आपल्या चर्चसंगीताच्या हस्तलिखितांवर पुष्कळदा सुरुवातीला येशूकडे मदत मागणारी दोन अक्षरं लिही आणि शेवटी गौरव एकट्या देवाचा, असं सांगणारी तीन. आमच्या टीमच्या टीशर्टवर छापायला ती तीन अक्षरं फार छान दिसतात. पण आरंभीची दोन आणि शेवटची तीन यांच्यामधल्या पानांवर त्याने मेहनतीत कुठे हात आखडता घेतलेला नाही, तेवढं टीशर्टवर मावत नाही.

इंग्लंडात मेथडिस्ट चळवळीचा जनक जॉन वेस्ली याने १७६१ साली गाणाऱ्यांसाठी सात सूचना छापल्या. वाचताना वाटतं, हा गृहस्थ आमच्याच मंडळीत तिसऱ्या बाकावर बसून गेला असावा. सर्वांनी गावं, जिवावर येत असेल तर तो आपला वधस्तंभ समजून उचलावा. अर्धमेल्यासारखं गाऊ नये. पण इतरांहून वेगळं ऐकू यावं म्हणून ओरडूही नये. पुढे पळू नये, मागे रेंगाळू नये. आणि सर्वांत महत्त्वाची सूचना सातवी: प्रत्येक शब्द गाताना चित्त देवाकडे असावं, सुराबरोबर वाहवत जाऊ नये. आधीच्या सहा सूचना पाळल्या की नाही, हे शेजारी बसलेला सांगू शकतो. सातवी शेजाऱ्याच्या अखत्यारीबाहेरची आहे, म्हणूनच बहुधा ती मोडायला सर्वांत सोपी.

कॅथलिकांकडे पोप दहावे पायस यांनी १९०३च्या २२ नोव्हेंबरला, म्हणजे संगीताची आश्रयदात्री संत सिसिलिया हिच्या सणादिवशी, एक फर्मानच काढलं. मिस्सामध्ये नाटकी थाटाचं संगीत नको. पियानो नको, ढोल-झांजा तर नकोतच. एकट्याच्या गायनाने सगळी जागा व्यापू नये. गाण्यासाठी वेदीवरच्या धर्मगुरूला ताटकळत उभं करू नये. आणि गायकवृंद लोकांच्या नजरेत फार भरत असेल, तर त्याला जाळीआड ठेवावं! आमच्याकडे जाळीआड, म्हणजे काचेआड, फक्त ड्रमवाला असतो, आणि तोही इतरांचे कान वाचावेत म्हणून. उरलेल्यांवर निळा-जांभळा प्रकाश असतो. पायस महाराज आमच्या तरुण संघाच्या आराधनेला आले असते, तर त्यांनी गीताच्या दुसऱ्या कडव्यालाच दुसरं फर्मान काढलं असतं.

या सगळ्यांचं दुखणं एकच होतं, पण तेवढ्यावरून कला ही भक्तीची वैरीण, असा निकाल देऊ नये. तो निकाल आपल्याच मातीत खोटा ठरला आहे. मिशनरी इकडे आले ते आपल्या चाली बरोबर घेऊन आले. इंग्रजी गीतांची भाषांतरं झाली, आणि नव्या ख्रिस्ती लोकांनी ती परदेशी चालींवर श्रद्धेने म्हटलीही. पण मराठी शब्दाचा आघात एकीकडे आणि सुराचा जोर दुसरीकडे. ऱ्हस्वाला ताणायचं, दीर्घाला चेपायचं आणि वर चेहरा भक्तिभावाचा ठेवायचा. इतकी कसरत चालू असताना देवाकडे बघणार कोण? अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) अमेरिकन मराठी मिशनमध्ये कृष्णराव सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकातच ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. त्याच मिशनच्या वाटेने नारायण वामन टिळक आले.

टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असं ते सांगत. त्यांनी अभंग लिहिले, ओवी लिहिली, भजनं रचली, आणि मराठी ख्रिस्ती माणसाला आपल्या घरच्या आवाजात देवाशी बोलता आलं. आजही 'उपासना संगीत' उघडलं की पानोपानी त्यांची भेट होते. टिळक कवी म्हणून मोठे होतेच, पण या गीतांत त्यांची कारागिरी कुठे गाणाऱ्याच्या आड येऊन उभी राहत नाही. चाल ओळखीची, शब्द साधे, छंद रक्तातला. त्यामुळे गाणं गळ्यात बसतं आणि मन मोकळं होतं. नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत अक्षरओळख नसलेल्या बायाही ही गीतं तोंडपाठ म्हणायच्या. उपासनेतल्या कलेची परीक्षा घ्यायची तर ती इथेच घ्यावी: गीत संपल्यावर माणसाला कवी आठवला, गायक आठवला, की आणखी कोणी? टिळकांना स्वतःला तर संस्था, पगार, पद हे सगळंच पुढे अडचणीचं वाटू लागलं. १९१७ साली मिशनच्या चाकरीतून मोकळे होऊन त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. आयुष्याची दोनच वर्षं उरली होती. त्या वयात माणसं निवृत्तिवेतनाची चौकशी करतात.

दरबार म्हटलं की राजा कुठे बसलाय, हा प्रश्न येतो, आणि इथे डेन्मार्कचा तत्त्ववेत्ता किर्केगार्ड मदतीला धावतो. त्याने १८४७ साली एक मार्मिक गोष्ट मांडली. लोक चर्चमध्ये येतात ते नाटकाला आल्यासारखे. बोलणारा हा नट आणि आपण प्रेक्षक, अशा समजुतीने बसतात. मांडणी खरी उलटी आहे. बाकांवर बसलेला प्रत्येक जण रंगमंचावर आहे, बोलणारा हा विंगेतला प्रॉम्प्टर आणि प्रेक्षक म्हणाल तर एकटा देव. किर्केगार्डने हे उपदेशकाबद्दल म्हटलं, पण गाण्याचं नेतृत्व करणाऱ्याला ते काकणभर जास्तच लागू पडतं.

मराठी माणसाला हे सांगायला फार वेळ लागू नये. संगीत नाटकांवर पोसलेला आपला समाज. एकेका पदाला वन्स मोअर घेत घेत पहाट व्हायची. त्या काळात विंगेत वही धरून उभा असलेला प्रॉम्प्टर नटाइतकाच गरजेचा होता. त्याला सगळं नाटक पाठ, कोण कुठे अडखळतो हे ठाऊक. पण प्रेक्षकांना त्याचा आवाज ऐकू गेला, की त्याचं काम बिघडलं. नट अडला तर हळूच शब्द द्यायचा आणि गप्प बसायचं. कुठल्याही प्रॉम्प्टरला कधी वन्स मोअर मिळालेला नाही. आणि आमच्या वर्शिप लीडरला? त्यालाही कोणी वन्स मोअर देत नाही, पण तो ध्रुवपद आपणहून सात वेळा घेतो.

आता यावर एक पळवाट फार लोकप्रिय आहे. देव काय, अंतःकरण पाहतो! मग सराव कशाला? शनिवारी संध्याकाळी यायचं नाही, रविवारी शब्द चुकवायचे, तबला स्वर्गाच्या भरवशावर सोडून द्यायचा आणि वर म्हणायचं, आमचं गाणं साधं पण मनापासून असतं. देव अंतःकरण पाहतो हे खरं. म्हणूनच आळसही त्याला दिसतो. दावीदाने आसाफ, हेमान आणि यदूथून यांच्या हाताखाली जे गायक नेमले, ते शिकलेले, तयारीचे २८८ होते, असं इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात मोजून दिलंय. स्तोत्रं तर वाजवणाऱ्याला नीट वाजव म्हणून बजावतात. बेसूर असणं ही काही पवित्रतेची खूण नव्हे. नाही तर आमच्या मंडळीत संतांची गर्दी झाली असती.

दुसरी पळवाट जास्त बारीक आहे. तिचं नाव नम्रता. गीत संपतं, टाळ्या पडतात, आणि गाणारा आकाशाकडे बोट दाखवून म्हणतो, सगळा गौरव प्रभूला. बोट वर आणि नजर कॅमेऱ्याकडे. डोळे मिटून गायचं, पण पुढचं कडवं दिसावं इतपत एक डोळा किलकिला ठेवायचा. प्रार्थनेच्या वेळी कीबोर्डवर हळुवार सूर धरून ठेवायचे, म्हणजे लोकांना पवित्र आत्मा आल्यासारखं वाटतं. तो खरंच आला तर त्याला संथ साथ लागते की नाही, हे कोणी विचारत नाही. आवाज कापरा करायचा, तोही बरोबर त्याच ओळीला, सकाळी आणि संध्याकाळी. अभिनय टाळण्याचाही अभिनय करता येतो, आणि तो फार रंगतो. ढोंगी लोक रस्त्याच्या कोपऱ्यावर उभे राहून प्रार्थना करायचे, म्हणून येशूने खोलीत जाऊन दार लावून प्रार्थना करा, असं सांगितलं. आम्ही खोलीत गेलो, दार लावलं आणि थेट प्रक्षेपण सुरू केलं.

इंग्लंडमधल्या वॉटफर्ड गावच्या एका मंडळीत नव्वदच्या दशकाच्या शेवटाला यावर जालीम उपाय झाला. गाणं रंगतंय, पण आत काही उरलं नाही, असं लक्षात आल्यावर त्यांनी काही काळ वाद्यवृंद आणि ध्वनियंत्रणा दोन्ही बाजूला ठेवली. लोक आले आणि अवघडून बसले. कोणी सुरू करीना. हळूहळू एकेकाचा उघडा आवाज निघायला लागला, कोणी प्रार्थना करायला लागलं. तिथेच गाणाऱ्या मॅट रेडमनने त्या अनुभवावर एक गीत लिहिलं, 'द हार्ट ऑफ वर्शिप'. १९९९ साली त्याची ध्वनिमुद्रिका निघाली आणि गीत जगभर गेलं. संगीत बाजूला ठेवल्यावर काय उरतं, हे सांगणारं ते गीत आता ठिकठिकाणी पूर्ण वाद्यवृंद, दिवे आणि धुराच्या यंत्रासह गायलं जातं. आम्हीही गातो. ड्रम तिसऱ्या कडव्याला येतात.

मला यात दांभिकपणा कमी आणि माणूसपणा जास्त दिसतो. माणसाला हातात धरता येईल असं काहीतरी लागतं. सूर धरता येतो, ताल मोजता येतो, गर्दी डोळ्यांना दिसते. देवाशी जवळीक मात्र मोजपट्टीला सापडत नाही, आणि मोजायला गेलं की पळते. आज मला किती जवळचं वाटलं, किती भरून आलं, हे तपासत बसणं म्हणजे पुन्हा आपल्याच पायाशी मॉनिटर ठेवून त्याकडे कान देणं. जवळीक म्हणजे लक्ष दुसऱ्याकडे असणं. त्यात आपला आवाज कसा लागला हे विसरायला होतं. विसरायचं ठरवावं लागत नाही.

आणि ही जवळीक रविवारी सकाळी साडेनऊला सुरू होत नाही. पाहुणे आले की बायकोशी साखर पेरत बोलणारे नवरे आपण सर्वांनी पाहिले आहेत. चहा देताना "अगं, तू बस ना, दमली असशील". पाहुणे घरी जाऊन म्हणतात, काय जोडपं आहे! बायको स्वयंपाकघरात कपबशा विसळत असते, तिचं मत कोणी विचारत नाही. सोमवार ते शनिवार देवाशी एक शब्द न बोलणारा गायक रविवारी माइकवरून त्याला प्रिय, जवळचा, जिवाचा म्हणतो, तेव्हा मंडळी पाहुण्यांसारखी भारावते. देवाचं मत विचारायचं, तर ते त्याने आमोस संदेष्ट्याकडून आधीच कळवलं आहे: तुमच्या गाण्यांचा गोंगाट माझ्यापुढून न्या. संगीताच्या इतिहासात इतकं रोखठोक परीक्षण दुसरं नसेल. आणि ते बेसूर गाण्याबद्दल नव्हतं. वीणा उत्तम लागल्या होत्या. वेशीवरच्या न्यायसभेत गरिबाला न्याय मिळत नव्हता, एवढंच कमी होतं.

उलट ज्यांचं आठवड्याभराचं बोलणं चालू असतं, त्यांना जागेची आणि साथीची फार गरज पडत नाही. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा साधा बांधव स्वयंपाकघरात राबत असे. भांड्यांच्या खडखडाटात आपल्याला देव तितकाच जवळ वाटतो, जितका वेदीपुढे गुडघे टेकल्यावर, असं तो सांगे. पौल आणि सीला फिलिप्पैच्या तुरुंगात होते. पाठ फटक्यांनी सोललेली, पाय खोड्यात. मध्यरात्री ते गाऊ लागले. प्रेषितांची कृत्ये लिहिणारा लूक इथे एक बारकावा नोंदवतो, की बाकीचे कैदी ऐकत होते. त्या दोघांनी कैद्यांसाठी कार्यक्रम ठेवलेला नव्हता. ते देवाशी बोलत होते आणि इतरांच्या कानावर पडत होतं. उपासनेचं नेतृत्व याहून वेगळं काय असतं?

हा विषय निघाला की प्रवचनात मार्था आणि मरीया हटकून येतात. मरीया पायाशी बसली, मार्था धावपळ करत राहिली, येशूने मार्थेला तिची चूक दाखवून दिली. तात्पर्य, वायरी गुंडाळणारे, खुर्च्या लावणारे आणि सराव करणारे सगळे मार्थेच्या पंगतीत. बिचारी मार्था! लूकच्या दहाव्या अध्यायावर लोक पुस्तक मिटतात. योहानाचा बारावा अध्याय उघडला तर बेथानीतच पुन्हा जेवण आहे. लाजर पंगतीला आहे आणि मार्था पुन्हा वाढते आहे. या वेळी ती कोणाची तक्रार करत नाही. बहीण मदतीला येत नाही, असं सांगायला येशूकडे जात नाही. काम सुटलेलं नाही, कुरकुर सुटली आहे. मधल्या काळात तिचा भाऊ कबरेतून उठला होता आणि येशू कोण आहे हे तिने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं होतं. आता वाढणं हीच तिची उपासना होती. तिच्यात आणि मरीयेत निवड करायची गरजच उरली नव्हती.

मरीयेने त्या जेवणाला मोलाचं सुगंधी तेल आणलं आणि त्याच्या पायांवर ओतलं. आणि लगेच एकाने त्याची किंमत काढली: तीनशे दीनार, गरिबांना देता आले असते. तो यहूदा इस्कर्योत. एकीने वाढलं, एकीने ओतलं, एकाने हिशेब केला. आणि तिघंही येशूपासून हाताच्या अंतरावर होते. जवळ बसल्याने जवळीक होते असं असतं, तर यहूदाइतकी ती कोणाची झाली नसती. तीन वर्षं बरोबर फिरला, पैशांची थैलीही त्याच्याकडेच होती. वेदीच्या किती जवळ आपल्याला उभं करतात, यावरून म्हणूनच कोणी काही समजू नये. माइकवाल्यांनी तर मुळीच नाही.

तेव्हा टीमने शनिवारी सराव करावा, चांगला दोन तास करावा. कॉर्ड चुकवू नयेत, शब्द पाठ असावेत, तबला वेळेवर लावावा, मॉनिटरही असू द्यावा. फक्त ज्याच्यासाठी गायचं आहे त्याच्याशी या आठवड्यात आपलं काही बोलणं झालंय का, हे ज्याचं त्याने त्याआधी पाहावं. त्याचा अहवाल कमिटीला द्यावा लागत नाही.